एका नावाचे दोन आजार

धावडा गावात कुणाच्या मिरचीचं पान आकसलं की ते आधी बद्रीनाथच्या ओट्यावर येतं आणि मग औषधाच्या दुकानात जातं. दुकानदाराला हे फारसं रुचत नाही, पण बद्रीनाथपुढे त्याचं काही चालत नाही. बद्रीनाथ पान हातात घेतो, पान आणणाऱ्याला आधी चार शब्द सुनावतो आणि मग पान उलटतो.

“बोकड्या आला, बोकड्या आला म्हनून बोंबलून राह्यला. कोनचा बोकड्या ते बघितलं का?”

बोकड्या म्हणजे मिरचीचं पान चुरगळून वळणं. भोकरदन तालुक्यातलं शेंबडं पोरही हा रोग ओळखतं. पण बद्रीनाथचं म्हणणं असं, की बोकड्या हा रोगच नव्हे, ते नुसतं वरून दिसणं आहे. कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी कीड, आणि पांढऱ्या माशीनं व्हायरस आणला असेल तर पंप पाठीवर घेऊन नाचू नका, झाड उपटा. दिसायला तिन्ही सारखेच, औषध मात्र एकाचं दुसऱ्याला चालत नाही. एका शहाण्यानं शेजाऱ्याची उरलेली बाटली आणून आपल्या वावरात मारली होती, तर बद्रीनाथनं त्याला चारचौघांत असा सोलला, की तो बिचारा पुढे कितीतरी दिवस दुसऱ्या गल्लीनं घरी जायचा.

एवढा हुशार माणूस, आणि नेमकं त्यानंच पोटच्या पोरीच्या बाबतीत माती खाल्ली.

बद्रीनाथला एक धाकटा भाऊ आहे, कल्याण. कल्याण कॉलेजला होता तेव्हा त्याला आवाज ऐकू यायला लागले. विहिरीवरची मोटार आपल्याविषयी बोलते असं म्हणायचा. एकदा घरातून निघून गेला तो राजूरला गणपतीच्या पायरीवर सापडला, अंगात ताप आणि तोंडानं अखंड बडबड. आधी देवाधर्माचं झालं, उतारे झाले, आणि शेवटी एका डॉक्टरनं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. बद्रीनाथनं ते नाव जीभ वळवून वळवून पाठ केलं. नाव कळल्यावर त्याला फार बरं वाटलं होतं. ज्याला नाव आहे त्याला औषध आहे, असा त्याचा हिशेब. आणि औषध लागूही पडलं. आवाज बंद झाले. त्यानंतर वीस वर्षं कल्याण घरात आहे. पाय ओढत चालतो, चालताना हात हलत नाहीत, चेहऱ्यावर ऊन नाही की सावली नाही. बैल सोड म्हटलं की सोडतो, बस म्हटलं की बसतो. त्याच्या गोळ्यांत बद्रीनाथनं एक दिवस खाडा पडू दिला नाही. भावाला एवढं जपणारे घरोघर सापडत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

शिवकन्या ही बद्रीनाथची लेक. शिकलेली, बोलकी, बापासारखीच फटकळ. जालन्याला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली होती. ओल्या कागदावर बी उगवत ठेवायचं आणि किती उगवलं ते बघायचं, असं काम. कारखान्यांच्या बाजूला तिनं एक खोली घेतली होती. तिथे एकदा कुणी दारुडा घर चुकून तिच्या दारावर धडका देत राहिला, कितीतरी वेळ. कडी निखळायच्या बेतात आली तेव्हा कुठे शेजारी धावले. तिनं हे घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बापानं नोकरी सोडायला लावली असती. पण त्या दिवसापासून तिची झोप गेली ती गेलीच. झोपेच्या काठावर कुणीतरी “शिवा” म्हणून हाक मारतंय असं तिला वाटायचं. पुढे ती हाक दिवसाही यायला लागली. मग प्रयोगशाळेतल्या पोरी आपल्याकडे बघून हसतात असं वाटायला लागलं. सुट्टीत घरी आली ती भिंतीला पाठ लावून बसली. कुणी दार वाजवलं की बसल्या जागी चार बोटं वर उडायची.

द्वारकाबाई, म्हणजे तिची आई, घाबरली. बद्रीनाथ घाबरला नाही, त्याला कापरं भरलं. तो तिला घेऊन तालुक्याच्या गावी एका डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं विचारलं, काय होतं? शिवकन्या तोंड उघडायच्या आत बद्रीनाथ सुरू झाला. “माझ्या भावाला हाये साहेब, शेम टू शेम. त्याला बी असेच आवाज येत व्हते.” आणि त्यानं कल्याणची सगळी कथा मोटारीपासून राजूरच्या पायरीपर्यंत सांगितली. बाहेर पेशंटची रांग लागली होती. ऐकता ऐकता डॉक्टरनं तेच नाव लिहिलं, अर्धी गोळी लिहून दिली आणि पुन्हा दाखवायला या म्हणाला.

घरी आल्यावर बद्रीनाथ गोठ्यात गेला आणि बैलाच्या गळ्यात पडून रडला. त्याच्या मनानं घेतलं, की शिवकन्या आता कल्याण होणार. आज ना उद्या तीही पाय ओढत चालणार, सांगितलं की उठणार, सांगितलं की बसणार. नोकरी गेली, लग्न गेलं, हसणं गेलं. वीस वर्षं त्यानं एकाला बघितलं होतं, आता पुढची वीस वर्षं दुसरीला बघायची.

रडून झाल्यावर मात्र त्यानं कंबर कसली. अर्ध्या गोळीनं काय होतंय? कल्याणचा आजार थोपवला तो कल्याणच्या गोळ्यांनी. आजाराचं नाव एक, तर गोळी एक. त्यानं डॉक्टरची अर्धी गोळी तर चालू ठेवलीच, वर कल्याणच्या डबीतल्या गोळ्याही पोरीला द्यायला सुरुवात केली. पुन्हा दाखवायला नेलंच नाही. दाखवायचं कशाला, नाव तर कळलेलं आहे!

आणि शिवकन्या खरंच कल्याण व्हायला लागली. तिचे हात चालताना हलेनात. चेहरा थिजला. बोलणं एकेक शब्दावर आलं. ओट्यावर काका-पुतणी शेजारी बसली की एकाच साच्यातली वाटायची. बद्रीनाथ ते बघून कपाळाला हात लावायचा. “बघ. बराबर काकावर गेली. मी म्हन्लं व्हतं न्हाई?” आपलं म्हणणं खरं ठरल्याचं असं दुःख दुसऱ्या कुणाला झालं नसेल.

एक दिवस वरणभात खाताना शिवकन्येच्या हातातून चमचा पडला. तिनं तो उचलला, तर परत पडला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा तसाच. रडत्या माणसाचा चेहरा रडका नसावा, हे बघून द्वारकाबाई ताटावरून उठली.

“बस झालं तुमचं डॉक्टरपन,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी माझ्या पोरीला मंठ्याला नेऊन राह्यले.”

मंठ्याला तिची बहीण नंदाबाई असते. नंदाबाईच्या शेजारचे राजानंद गुरुजी, त्यांची मुलगी प्रियदर्शनी मनाच्या आजारांची डॉक्टर. जालन्यात तिचा दवाखाना, आणि त्यासोबत मेंदूच्या अभ्यासाचं काही नवीन काम तिनं हाती घेतलेलं. नंदाबाईनं गुरुजींकडून फोन करवला आणि वार ठरवून घेतला. जालन्याला निघायच्या दिवशी बद्रीनाथही गाडीत येऊन बसला, कल्याणला सोबत घेऊन. आजार घरातला आहे तर घरातलं सगळं दाखवावं, असा त्याचा विचार. तेवढा एक विचार त्याचा बरोबर निघाला.

डॉक्टर प्रियदर्शनीनं आधीच्या डॉक्टरचा कागद बाजूला ठेवला आणि शिवकन्येचा हात हातात घेतला. कोपरात वाकवून बघितला. तो सरळ वाकेना, गंजलेल्या बिजागरीसारखा अडकत अडकत वाकला.

“गोळी किती देता?”

“कागदावरची अर्धी तर देतोच म्याडम,” बद्रीनाथ छाती काढून म्हणाला, “वरून कल्याणच्या बी देतो. दोन टाइम. खाडा बिलकुल न्हाई.”

डॉक्टरनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“काका, हिला जे झालंय ना, हे अंग ताठणं, चेहरा थिजणं, हा हिचा आजार न्हाई. ह्या गोळ्या आहेत. ह्या गोळ्यांची तुमच्या भावाच्या अंगाला वीस वर्षांत सवय झाली. हिला जास्त झाल्या.”

बद्रीनाथला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्यानं खुर्चीची पाठ धरली. पण गंमत बघा, लाजेच्या आधी त्याच्या छातीत जे उतरलं ते समाधान होतं. हा आजार न्हाई. म्हणजे पोर कल्याण झालेली नाही. आपण तिला कल्याण केलं, आणि आपण केलेलं आहे म्हणजे ते परत फिरवता येईल. लाज नंतर सवडीनं आली, आणि चांगली मुक्कामाला राहिली.

“मंग आजार कोनता?” त्यानं विचारलं. “नाव तर तेच हाये ना?”

“नावाचं सांगते,” डॉक्टर म्हणाली. “आमच्याकडं आजारांची नावं माणूस काय सांगतो, कसा वागतो, त्यावरून पडली. आवाज येतो, संशय येतो, झोप न्हाई, असं इतकं इतकं जुळलं की हे नाव. नाव खोटं न्हाई. त्या नावानं लई लोकांना बराबर औषध मिळालं, तुमच्या भावाला पण. पण एका नावाच्या दोन माणसांच्या आत एकच गोष्ट बिघडलेली असंल, असं धरून चालता येत न्हाई. म्हणून आता जगभर लोक दुसऱ्या बाजूनं बघू लागलेत. भीती मेंदूत कशी उठते, झोप कशी लागते, एखादी गोष्ट हवीशी कशी वाटते, ध्यानात कसं राहतं, हे एकेक मोजायचं आणि कुठं अडलंय ते शोधायचं. हे काम अजून पुरं झालेलं न्हाई, मी खोटं सांगणार न्हाई. पण तुमच्या घरापुरतं आपण बघू.”

बद्रीनाथ हळूच म्हणाला, “म्हंजे पान उलटून बघायचं.”

“कसलं पान?” डॉक्टरनं विचारलं.

द्वारकाबाईनं इतके दिवस दाबून ठेवलेलं तोंड उघडलं. “मिरचीचं, म्याडम! सगळ्या गावाचं पान उलटून बघतेत हे. दुसऱ्याची बाटली मारली म्हनून लोकाला शिव्या देतेत. अन् घरात काय केलं, विचारा!” बद्रीनाथनं मान वर केली नाही. बायको बरोबर बोलत असली की गप्प बसावं, एवढी अक्कल त्याला अजून होती.

आधी गोळ्या सावकाश उतरवल्या. अंग सुटायला एक औषध दिलं. काही आठवड्यांत शिवकन्येचे हात हलायला लागले, आणि एका सकाळी ती बापावर खेकसली, की पंप धुवायला माझी बादली कशाला घेतली? बद्रीनाथ बादली हातात धरून हसत उभा राहिला. पोरीचं खेकसणं इतकं गोड त्याला कधी लागलं नव्हतं.

मग तपासण्या झाल्या, तिच्या आणि कल्याणच्याही. मनगटावर घड्याळासारखा पट्टा बांधला, झोप मोजायला. डोक्याला तारांची टोपी चढवली, तेव्हा बद्रीनाथ शॉक बसतो की काय म्हणून दोनदा खुर्चीतून उठला. कानात मधूनच मोठा आवाज सोडून पापणी किती जोरात लवते ते बघितलं. आणि संगणकावर एक खेळ होता, दोन डब्यांचा. एका डब्यात जास्त वेळा बक्षीस निघायचं, दुसऱ्यात कमी. कोणता डबा बरा ते खेळता खेळता ओळखायचं.

शिवकन्येनं डबा झटक्यात ओळखला. तिची आठवण चांगली, लक्ष चांगलं, जिंकली की तोंड खुलायचं. पण आवाज आला की पापणीच काय, सगळं अंग लवायचं, आणि तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकूनही सवय व्हायची नाही. झोपेच्या तर चिंध्या झाल्या होत्या. तेव्हा पहिल्यांदा डॉक्टरनं बापाला बाहेर बसवलं आणि पोरीला एकटीला विचारलं. त्या दारुड्याची, त्या दाराची गोष्ट तेव्हा बाहेर आली.

“हिचं भीतीचं यंत्र अडकलंय, आणि त्यानं झोप खाल्ली,” डॉक्टरनं नंतर सांगितलं. “इतके दिवस झोप न्हाई, म्हणून मेंदूला हाका ऐकू आल्या. तूर्त मला असं दिसतं. आपण ह्या दोन गोष्टींवर काम करू, आणि मी लक्ष ठेवीन.”

“अन् ते नाव?” बद्रीनाथला राहवेना.

“सरकारी कागदाला नाव लागतंच, तिथं काहीतरी लिहीन. पण त्या नावावरून पोरीचं पुढचं आयुष्य तुम्ही ठरवू नका.”

कल्याणचं उलटं. आवाज आला तर पापणी जेमतेम हलायची. झोप भरपूर. आठवणही बरी. पण डब्यांच्या खेळात त्याला बक्षीस निघालं काय आणि नाही निघालं काय, दोन्ही सारखं. हवंसं वाटणं, हेच त्याच्यात मंदावलं होतं. डॉक्टर म्हणाली, यात काही आजाराचं असेल, काही जुन्या जड गोळ्यांचं. त्याचीही गोळी बदलू, पण अगदी हळूहळू, आणि काही बदललं तर लगेच फोन करायचा. त्याला रोज एखादं छोटं काम द्या, म्हणाली, जे झाल्यावर कुणीतरी वा म्हणेल असं.

ते काम चालून आलं. शिवकन्येच्या भीतीवर औषध म्हणून दार वाजवायचं होतं. दिवसाउजेडी, ठरवून, रोज. कुणीतरी बाहेरून दार वाजवायचं, तिनं आत बसायचं, भीती वर चढू द्यायची आणि आपोआप उतरेपर्यंत उठायचं नाही. द्वारकाबाईचे हात घरकामात, आणि बद्रीनाथनं वाजवलं की शिवकन्येला बापाच्या खोकल्यावरूनच कळायचं. मग कल्याणला उभं केलं. गावाला महिनाभर करमणूक झाली. बद्रीनाथच्या घरी भाऊ बाहेरून दार वाजवतोय, आतून कुणी उघडत नाही, आणि थोड्या वेळानं आतून आवाज येतो, “बास काका, शाब्बास!” लोकांनी तर्क लढवले. बद्रीनाथनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. विचारलंच तर म्हणायचा, “दार मजबूत हाये का बघून राह्यलो.”

पहिल्या दिवशी शिवकन्या घामाघूम झाली, तिला उलटी झाली. पुढे पुढे भीती लवकर उतरायला लागली. शेवटी शेवटी ती आत बसून मोबाइल बघायची आणि म्हणायची, “काका, जोरात वाजवा की, ऐकूच येऊन न्हाई राह्यलं.” हाका थांबल्या. झोप आली. झोप काय आली, सकाळी हलवून उठवायची वेळ आली.

मिरचीचे पहिले तोडे झाले तेव्हा ती जालन्याला परत गेली. प्रयोगशाळेनं तिची जागा ठेवली होती. या वेळी तिनं खोली दुसरीकडे घेतली, प्रयोगशाळेत सोबत काम करणाऱ्या बेबीनंदाबरोबर. बद्रीनाथ सामान घेऊन सोडायला गेला. दाराच्या कड्या ओढून बघाव्यात असं त्याच्या हाताला फार वाटत होतं, पण त्यानं बघितल्या नाहीत. परत येताना गाडीत त्याला चक्क झोप लागली, तोंड उघडं टाकून. कंडक्टरनं हलवून जागा केला.

पोरीचं निभावलं. बद्रीनाथच्या छातीवरचा धोंडा उतरला. कल्याणकडून त्याची काही अपेक्षा नव्हती. वीस वर्षांनी माणूस काय बदलणार? त्याच्याविषयी घरात कधी तक्रारही नव्हती. “कल्याणचं काही म्हननं नसतं,” असं द्वारकाबाई चार जणींत कौतुकानं सांगायची.

शिवकन्या गेल्यानंतरची गोष्ट. दुपारी दोघे भाऊ जेवायला बसले होते. द्वारकाबाईनं भाकरी वाढली, वांग्याचं कोरड्यास वाढलं. कल्याणनं ताटाकडे बघितलं आणि ताट बोटानं पुढे सरकवलं.

“वहिनी, मला न्हाई खायचं हे. रोज रोज वांगं.”

आपल्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली की द्वारकाबाई कुणाची गय करत नाही. तिनं तोंड उघडलंही होतं. पण ती तिथेच चुलीपाशी खाली बसली. बद्रीनाथचा घास हातातच राहिला.

“मंग काय खातो?” त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याच्या लक्षात आलं, की हा प्रश्न या घरात कल्याणला वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. विचारायची गरजच पडली नाही. ज्याला आपण गुणी म्हणत होतो, त्याला काही हवंसंच वाटत नव्हतं.

कल्याण विचारात पडला. कपाळाला आठी घालून बसला. हवं ते शोधायला त्याला फार आत जावं लागत असावं. “सांगतो,” तो म्हणाला. “उद्या सांगतो.”

त्या दिवशी तो दूधभाकर खाऊन उठला. कुणी त्याला घाई केली नाही. बद्रीनाथनं डॉक्टरला फोन करून कळवलं. सकाळी तो बैलांना वैरण टाकत होता, तर मागून पावलं वाजली. पाय ओढल्याचा आवाज होता, पण पूर्वीपेक्षा कमी. कल्याण जवळ येऊन उभा राहिला.

“दादा, धिरडे,” तो म्हणाला. “अन् गुळवणी. पातळ न्हाई, घट्ट.”

वैरणीची पेंढी बद्रीनाथच्या हातून खाली पडली. “अगं, तवा ठेव!” तो घराकडे तोंड करून ओरडला, आणि द्वारकाबाई आतून ओरडली, की ओरडता कशाला, ऐकलं मी, ठेवला.